चाव्यांचा जुडगा

माणूस पारखायचा तर त्याला मंत्री करून बघायची काही गरज नाही. त्याच्या हातात गच्चीची किल्ली द्यावी. उन्हाळ्यात पापड वाळत घालायला आलेल्या बाईला तो ती किल्ली हसत देतो, वहीत सही घेऊन देतो, की "बघू, संध्याकाळी या" म्हणतो, एवढ्यावरून त्याला उद्या अख्खा जिल्हा दिला तर तो काय करेल हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

सत्तेने माणूस बिघडतो असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे म्हणजे छप्पर गळतंय म्हणून पावसावर खापर फोडण्यासारखं झालं. भोक आधीपासून होतंच, उन्हाळ्यात दिसत नव्हतं इतकंच.

याच अर्थाचं एक सुभाषित व्हॉट्सअॅपवर अधूनमधून उगवत्या सूर्याच्या चित्रासकट येत असतं. माणसाचं शील तपासायचं तर त्याला सत्ता देऊन पाहा, आणि खाली नाव अब्राहम लिंकन. लिंकनने असं काही म्हटल्याचा पुरावा नाही. रॉबर्ट इंगरसॉल नावाचे अमेरिकेतले एक गाजलेले वक्ते लिंकनवर भाषणं देत, त्यांनी लिंकनविषयी बोलताना हा विचार मांडला होता. एवढी सत्ता हाती असून या माणसाने ती दयामाया दाखवण्याखेरीज कुठे वाकडी वापरली नाही, असा त्यांचा सूर. म्हणजे बोलले इंगरसॉल, विषय लिंकन, आणि काही दशकांत इंगरसॉल बिचारे फोटोतून कापले गेले. मोठ्या माणसाच्या नावावर दुसऱ्याची वाक्यं अशी परस्पर चढतात, फेरफाराची नोंदसुद्धा लागत नाही. आपल्याकडेही पु. लं.नी कधी उच्चारले नाहीत असे विनोद त्यांच्या नावावर किती आहेत ते बघा.

पण लिंकन लांब राहिला. मोठ्या सत्तेत माणूस नीट दिसतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. मंत्र्याच्या पुढे पीए असतो, मागे भाषण लिहून देणारा असतो, बाजूला फोटो निवडणारा असतो. त्याचा स्वभाव तीन चाळण्यांतून गाळून आपल्यापर्यंत येतो. हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी मात्र बनियनवर जिन्यात उभा असतो. त्याला पगार नाही, भत्ता नाही, गाडी नाही. हुद्द्याच्या आधी 'ऑनररी' आहे, म्हणजे लाभ शून्य. जे काही बाहेर येतं ते निव्वळ अंतःकरणातून येतं. महाराष्ट्रात अशा नोंदलेल्या गृहनिर्माण संस्था एक लाखाच्या वर आहेत. मानसशास्त्राच्या एवढ्या प्रयोगशाळा जगात दुसरीकडे कुठे फुकट चालू असतील असं वाटत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यात तीनशे दोनवाले सर्वांत निरुपद्रवी. बँकेतून निवृत्त झालेले, लिफ्टपाशी "आधी तुम्ही" म्हणणारे, जिन्यात भेटले तर भिंतीला चिकटून वाट देणारे. कुणाच्या पोराने त्यांच्या पायाशी लवंगी फोडली तर तेच दचकून "सॉरी" म्हणायचे. असे हे गृहस्थ सेक्रेटरी झाले.

झाले म्हणजे सगळे होतात तसेच. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, म्हणून सप्टेंबरचा शेवटचा रविवार. सकाळी दहाची वेळ. कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, जे कमी असेल ते. आमच्याकडे सव्वादहाला जेमतेम डझनभर, त्यातले काही फुकटचा पेपर वाचायला आलेले. मग अध्यक्षांनी गंभीर चेहऱ्याने सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. अर्ध्या तासाने तेवढ्याच माणसांत, त्याच खुर्च्यांवर, त्याच पेपरातलं शब्दकोडं अर्धवट असताना ती पुन्हा भरली आणि कायदेशीर ठरली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. कमिटीत जेवढ्या जागा तेवढीही नावं येईनात. ज्यांनी नाही म्हटलं नाही त्यांची घातली. पुढे कमिटीच्या पहिल्या बैठकीत सेक्रेटरी कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. तीनशे दोनवाले नेमके त्या क्षणी चष्म्याची काच उजेडात धरून बघत होते. एकमताने ठराव झाला.

जुन्या सेक्रेटरींनी चार्ज दिला. चार्ज म्हणजे चाव्यांचा जुडगा, लेटरहेडचं अर्धं संपलेलं पॅड आणि जांभळ्या शाईचा गोल रबरी शिक्का.

चाव्या आधी पिशवीत असायच्या, मग खिशात आल्या, मग पट्ट्याला लागल्या. पुढे पुढे जिन्यात आधी खुळखुळ ऐकू यायची आणि मागून तीनशे दोनवाले. भिंतीला चिकटणं आता समोरच्याकडे आलं. त्याहून मोठा फरक पडला भाषेत. "अहो, जरा..." याच्या पुढे ज्यांचं वाक्य कधी गेलं नाही ते नोटीस बोर्डावर "असे निदर्शनास आले आहे की" लिहू लागले. कुणाच्या निदर्शनास, तर त्यांच्याच. ते दिवसभर गॅलरीत उभे असायचे. पहिली नोटीस कुंड्यांचं पाणी खाली गळण्याबद्दल होती. दुसरी दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडबद्दल. तिसरी नोटीस दुसरी नोटीस कुणी फाडली त्याबद्दल, आणि चौथीत तिसऱ्या नोटिशीखाली पेनाने काढलेल्या मिशांचा उल्लेख "विकृत स्वरूपाचे रेखाटन" असा होता. चारींवर शिक्का. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर शिक्का. वॉचमनच्या गावी जायच्या अर्जावर "विचाराधीन" आणि त्यावर शिक्का. एकदा घरच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणावरसुद्धा तो पाहिल्याचं बायका सांगतात, पण ते मी स्वतः पाहिलेलं नाही.

टेम्पोचा प्रसंग मात्र मी पाहिला. वरच्या मजल्यावर एक नवीन भाडेकरू यायचा होता, नोकरीला नुकताच लागलेला पोरगा. टेम्पो गेटात, फ्रिज निम्मा उतरवलेला, हमाल त्याला मिठी मारून उभा. तीनशे दोनवाले खुळखुळत आले.

"ना-हरकत कुठंय?"

"काका, अर्ज तुमच्याकडेच दिलाय. परवा."

"दिलात ना? मग तो कार्यवाहीत आहे."

"पण काका, तुम्ही इथेच आहात. सही केली तर..."

"सही मी कार्यालयात करतो."

कार्यालय म्हणजे वॉचमनची केबिन. ती चार पावलांवर होती. तिथे जाऊन त्यांनी खुर्ची फडक्याने पुसली, बसले, अर्ज शोधला, चष्मा बदलला, अर्ज पहिल्यापासून वाचला, मुलाच्या आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं. शिक्का पॅडवर दाबून आधी रद्दी कागदावर उठवून बघितला. फिका आला. मग बाटलीतून शाईचे थेंब पॅडवर टाकले आणि ती मुरेपर्यंत थांबले. हमालाने तेवढ्यात फ्रिज खाली ठेवला तर आतून आवाज आला, "प्रवेशद्वारात वस्तू ठेवू नयेत!" त्याने तो पुन्हा उचलला. ना-हरकत मिळाली तेव्हा पोराने दोन्ही हातांनी घेतली, जशी पदवी घेतात. त्या दिवशी तीनशे दोनवाल्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते त्यांच्या मुलाच्या लग्नातसुद्धा नव्हतं.

यात पैशाचा संबंध नव्हता, हे मुद्दाम सांगतो. माणूस एका पैला शिवला नसता. त्यांच्या सौभाग्यवती माझ्या बायकोला म्हणाल्या, "चाळीस वर्षं बँकेत ह्यांच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्याचा शिक्का लागला हो." हे ऐकल्यावर मला त्यांचा राग येईना. फ्रिजवाल्या हमालाला हे सांगून काही उपयोग झाला असता असं नाही.

आणि हे आमच्याच दारी घडतंय असंही समजू नका. सहकाराचे नियम नीट वाचा. महापालिका हद्दीत फ्लॅट हस्तांतराचं अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर घेऊ नये. घर भाड्याने दिलं म्हणून लावायचं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, हे शासनाने २००१ साली ठरवून दिलं. थकबाकीवर व्याज फार तर सालीना २१ टक्के. शासनाला हे आकडे झोपेत सुचलेले नाहीत. कुठल्या तरी सोसायटीत कुणी तरी फ्लॅट विकणाऱ्याला लाखात कापलं असणार, कुणी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाला सळो की पळो केलं असणार, तेव्हा मंत्रालयात फाइल हलली. त्या नियमावलीतली प्रत्येक मर्यादा म्हणजे एकेका सेक्रेटरीचं स्मारक आहे. फक्त पाटीवर नाव नाही.

कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात डॅकर केल्टनर नावाचे प्राध्यापक सत्तेवरच संशोधन करतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तीन-तीन विद्यार्थ्यांचे गट केले, त्यातल्या एकाला उगाचच म्होरक्या नेमलं. गुण नाहीत, निवडणूक नाही, चिठ्ठी टाकावी तसं. थोड्या वेळाने बिस्किटांची बशी आत पाठवली, माणसांपेक्षा बिस्किटं जास्त. जादाचं बिस्किट बहुतेक वेळा कुणी उचललं असेल? म्होरक्याने. शिवाय तो तोंड उघडं ठेवून, मचमच आवाज करत, अंगावर चुरा सांडत खायचा. अर्ध्या तासाच्या सत्तेत माणूस खाताना तोंड मिटायला विसरतो! या संशोधनाला अनुदान किती मिळालं मला माहीत नाही. आमच्या कमिटीची मासिक बैठक पाहायला प्राध्यापक आले असते तर समोशाच्या खर्चात काम झालं असतं.

हे सगळं एकाच बाजूने बोलतोय असं वाटेल, म्हणून एकशे चारवाल्या बाईंबद्दल सांगतो. या बाईंना सोसायटीत सगळे टरकून. पाणी पाच मिनिटं उशिरा आलं तर त्यांचा आवाज दुसऱ्या विंगेत ऐकू जायचा. सभेत त्या उभ्या राहिल्या की अध्यक्ष आपोआप बसायचे. कुणी तरी खोडी म्हणून त्यांना खजिनदार केलं. आता बघा मजा, असं म्हणून आम्ही सरसावून बसलो आणि मजा काही झालीच नाही. आवाज होता तिथेच राहिला, पण हिशेबाची वही दर महिन्याला जिन्यात खिळ्याला टांगलेली दिसू लागली. ज्याला वाटेल त्याने वाचावी. थकबाकीदारांची यादी बोर्डावर लावायची तीनशे दोनवाल्यांना भारी हौस. बाईंनी ती काढली आणि ज्याच्या त्याच्या दारात जाऊन हळू आवाजात विचारलं. त्यांना हळू आवाज आहे हे तेव्हा कळलं. वॉचमनला इतकी वर्षं प्लास्टिकचं मोडकं स्टूल होतं, त्याला पाठीची खुर्ची आली आणि केबिनमध्ये पंखा आला. तीनशे दोनवाले ज्या खुर्चीवर बसून ना-हरकत देत ती हीच, वॉचमनला उठवून. सत्ता दोघांच्या हाती एकाच बैठकीत, एकाच चहाबरोबर आली होती.

गेट रात्री अकराला बंद करायचं आणि उशिरा येणाऱ्याने रजिस्टरात कारण लिहायचं, हा तीनशे दोनवाल्यांचा फतवा निघाला तेव्हा मला घाशीराम आठवला. नाटकातला नव्हे, खरा. विजय तेंडुलकरांचं नाटक १९७२ चं. खरा घाशीराम १७७७ च्या सुमारास नाना फडणवीसांच्या मर्जीने पुण्याचा कोतवाल झाला. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडेल त्याला धरायचं, असा त्याच्या राज्यातला खाक्या. १७९१ साली त्याने तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत कोंडलं, त्यातले कित्येक गुदमरून मेले, आणि खवळलेल्या पुणेकरांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. या माणसाला कोतवाली मिळाली नसती तर? पोट भरायला परगावाहून आलेला एक सामान्य गृहस्थ म्हणून जगला असता, गेला असता आणि शेजाऱ्यांनी "स्वभावाने गरीब होता हो" म्हटलं असतं. जगात असे किती घाशीराम कोतवाली न मिळाल्यामुळे सज्जन म्हणून वारले असतील! आमच्या गेटाचं रजिस्टर मात्र फार चाललं नाही. पहिल्याच आठवड्यात कुणी तरी कारणाच्या रकान्यात "सेक्रेटरी जागे आहेत का ते बघायला" असं लिहिलं.

सत्ता एकाला मिळते आणि स्वभाव दुसऱ्याचाच उघडा पडतो, असंही होतं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये बायकांना निम्म्या जागा राखीव झाल्या २०११ मध्ये, आणि गावोगाव सरपंचपती नावाचा पुरुष जन्माला आला. बाई निवडून येते, हार यजमानांच्या गळ्यात. बाई ग्रामसभेत बसतात आणि उत्तरं शेजारून येतात. काही बायकांनी वर्षभरात नवऱ्याला "तुम्ही घरी थांबा" म्हणून सांगितलं आणि कारभार हातात घेतला, त्यांच्याविषयी कुणी तरी स्वतंत्र लिहायला हवं.

प्रसिद्धीचं प्रकरण सत्तेपेक्षाही झटपट. आमच्या बी विंगमधल्या एका पोराचं मिसळ खातानाचं रील गाजलं. दुसऱ्या दिवशी स्वारी रात्री नऊ वाजता लिफ्टमध्ये गॉगल लावून. चौथ्या दिवशी चौकातल्या मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन. मी जिन्यात "काय रे, कसा आहेस?" विचारलं तर म्हणाला, "टीमशी बोलून घ्या." टीम म्हणजे त्याचा मावसभाऊ. पण त्याची आई खमकी. ओला कचरा खाली नेऊन टाकायचं काम तिने सुटू दिलं नाही, त्यामुळे गॉगल लावून बादली नेणारा पहिला कलावंत आम्हाला रोज सकाळी बघायला मिळाला. असली आई प्रत्येक प्रसिद्ध माणसाला सरकारने पुरवावी.

खरं तर प्रसिद्धी ज्याला पचली तो माणूस आपल्यातच होऊन गेला. निळू फुले. 'सामना'तला साखरसम्राट हिंदुराव ज्याने साकारला त्याच्याइतका बदनाम चेहरा मराठी पडद्यावर दुसरा नसेल. गावाकडे बायका त्यांना खरोखरच दुष्ट समजून दोन हात लांब राहायच्या असं सांगतात. आणि हा गृहस्थ मुळात पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात रमणारा. नाव झाल्यावरही सेवा दल सुटलं नाही. सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा चार पैसे मिळावेत म्हणून डॉ. श्रीराम लागूंसारख्या मंडळींबरोबर नाटकाचे प्रयोग करून निधी जमवत फिरले. पडद्यावर त्यांनी सत्तेचा माज इतका बारकाईने दाखवला, कारण बहुधा तो त्यांनी बाहेरून नीट न्याहाळलेला होता. ज्याच्या अंगात असतो त्याला तो दिसत नाही.

आता सत्तेच्या बाकीच्या खुणांचं बघा. गाडीवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून बंद झाले. काहींनी मुदतीआधीच काढले, पण कॅमेरे बोलावून काढले. दिवा गेला, मग काचेमागे 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी आली. ज्याचा चुलत मेहुणा शासनात आहे त्याच्याही गाडीत आली. माणसाला आपण कुणी तरी आहोत हे सिग्नलवर सिद्ध करावंसं का वाटतं, हा मला न सुटलेला प्रश्न आहे.

सत्ता आल्यावरचा माणूस बघण्यापेक्षा ती गेल्यावरचा बघावा, असं माझं मत होत चाललंय. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढचं मतदान व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. एवढ्या काळात चौकातल्या फ्लेक्सवर 'माजी' आणि 'भावी' हे दोन्ही शब्द एकाच चेहऱ्याखाली नांदत होते. आमच्या वॉर्डात दोघे माजी. एकाला ड्रेनेज तुंबल्याचा फोन केला तर म्हणे, "आता आमच्या हातात काय आहे?" आणि ठेवून दिला. पद असताना त्याच्या हातात काय होतं तेही आम्हाला कधी दिसलं नव्हतं, पण ते असो. दुसरा पायजमा वर दुमडून, महापालिकेच्या माणसाला मोटारसायकलवर मागे बसवून स्वतः घेऊन आला. हा पद असताना खेकसायचा. लोकांनी नंतर कुणाला मतं दिली ते विचारू नका, मला वॉर्डात राहायचंय.

आमचे तीनशे दोनवालेही यथावकाश माजी झाले. पुढच्या कमिटीत त्यांचं नाव कुणी घातलं नाही आणि "मला आता मोकळं करा" असं दर सभेत म्हणणाऱ्या माणसाला खरोखर मोकळं केल्याचा जबर धक्का बसला. चाव्या परत द्यायला त्यांनी महिना लावला. गच्चीची किल्ली सर्वांत शेवटी आली. हल्ली ते पुन्हा लिफ्टपाशी "आधी तुम्ही" म्हणतात, पण वहीपेन घेऊन. नव्या कमिटीला दर पंधरवड्याला अर्ज जातो, प्रत माहितीसाठी उपनिबंधक कार्यालयाला. भाषा तीच, फक्त शिक्क्याची जागा रिकामी. परवाच्या अर्जात त्यांनी कमिटीच्या बैठकांमधील अल्पोपाहारावर होणाऱ्या उधळपट्टीकडे लक्ष वेधून, प्रतिबैठक प्रतिव्यक्ती समोशांचा तपशील मागितला होता.

एकशे चारवाल्या अजून खजिनदार आहेत. त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि लेखी उत्तर दिलं. नव्या कमिटीच्या बैठकांना चहा आणि पार्ले-जी असतं, समोसे बंद केले आहेत. तथापि आपल्या कार्यकाळातील तपशील उपलब्ध असून तो कळविण्यात येतो: प्रत्येक बैठकीस हजर सदस्य सहा, आणलेले समोसे आठ. अन्य पाच सदस्यांकडे चौकशी केली असता प्रत्येकाने एकच समोसा खाल्ल्याचे सांगितले. उरलेल्या समोशांबाबत समितीकडे नोंद नाही. आपल्याकडे असल्यास कळवावे.